हॉटेलवाला ‘नाही’ म्हणाला तर? वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या संपल्या की आमच्याकडे हॉटेल, लॉज, बार यांच्याबद्दलच्या पत्रांचा ढीग लागतो, यंदाही तेच. विषय एकच आहे, आम्हाला आत का घेतलं नाही. एक पत्र मात्र गल्ल्याच्या पलीकडून आलंय, तेही घेतलंय.

प्रश्न : ताई, मी आणि माझा बॉयफ्रेंड, दोघंही पुण्याचे, दोघंही पंचविशी ओलांडलेले. लोणावळ्याला अ‍ॅपवरून रूम बुक केली, पैसे आधीच भरले. काउंटरवर आधार बघून म्हणाले लोकल आयडी (म्हणजे जवळपासचाच पत्ता असलेलं ओळखपत्र) चालत नाही, लग्न झालं असेल तर प्रूफ दाखवा. रिफंडही देत नाहीत. असा खरंच कायदा आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. लोकल आयडी नको हा नियम कुठल्याच कायद्यात नाहीये, तो लॉजवाल्यांनी पोलिसांच्या कटकटीला घाबरून स्वतःच्या मनाने घातलेला असतो आणि काउंटरवरचा माणूस मात्र तो असा सांगतो की जणू काही सकाळीच जीआर निघालाय. लग्न न झालेल्या जोडप्याला रूम द्यायची नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. कोइमतूरला एका सर्व्हिस अपार्टमेंटला अधिकाऱ्यांनी सील ठोकलं होतं, आत अविवाहित जोडपं सापडलं हे त्यातलं एक कारण, तर डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाने सरळ विचारलं की असं राहायला बंदी करणारा कायदा आहे तरी कुठला, आणि दोन सज्ञान माणसं लग्नाशिवाय एकत्र राहिली तर तो गुन्हा होत नाही.

लॉजवाले घाबरतात तेही अगदीच उगाच नाही हं. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागात पोलिसांनी हॉटेलच्या खोल्यांमधून जोडपी उचलली होती आणि बऱ्याच जणांना पोलीस कायद्याचं कलम ११० लावून दंड केला, ते कलम आहे सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं. आतून कडी लावलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते हे ज्यांनी कलम लावलं त्यांनाच माहीत.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. कायद्यात बंदी नाही याचा अर्थ मालकाने रूम दिलीच पाहिजे असा होत नाही. घटनेच्या कलम १५(२) प्रमाणे दुकान, रेस्टॉरंट, हॉटेल, करमणुकीच्या जागा इथे कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून अडवता येत नाही, पण लग्न झालंय का हे त्या यादीत नाही. म्हणून तर जानेवारी २०२५ मध्ये ओयोने मेरठमध्ये अविवाहित जोडप्यांना नकार द्यायची मुभा आपल्या हॉटेलांना दिली, सोशल मीडियावर गदारोळ झाला पण कायदा मोडला असं काही म्हणता आलं नाही. तुम्ही आधी बुक न करता नुसत्या चालत गेला असतात आणि तो नाही म्हणाला असता तर मी तुम्हाला पुढचं लॉज बघा एवढंच सांगितलं असतं.

पण तुम्ही पैसे भरलेत, बुकिंग कन्फर्म झालंय, म्हणजे तुम्ही ग्राहक झालात आणि इथे सगळं बदलतं. बुक करताना लोकल आयडी आणि लग्नाची अट स्क्रीनवर दिसत होती का? दिसत नव्हती तर ही सेवेतली त्रुटी आहे, रिफंड तर मागाच, शिवाय त्या रात्री दुसरीकडे जास्त पैसे गेले असतील तर तो फरक आणि मनस्तापाची भरपाईपण मागा. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या तिथे अट उगवलेली असेल. काउंटरवर भांडत बसू नका, ‘रूम का देत नाही ते मेसेजवर टाका’ एवढंच म्हणायचं, अर्धे लोक तिथेच नरमतात. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग, अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येतो, भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षं. आणि ओळखपत्र म्हणून आधारच द्यायला पाहिजे असंही काही नाही, लायसन्स, व्होटर कार्ड चालतं.

प्रश्न : आमचं नाशिकला मिसळीचं छोटं हॉटेल आहे. रविवारी लोक दोन मिसळीत सहा जण दीड तास टेबल अडवतात, बाहेरून केक आणून कापतात, एक जण पिऊन येतो आणि पोरांना शिव्या देतो, एकाची उधारी वर्षभर थकलीये. बोर्ड लावलाय ‘प्रवेशाचा हक्क राखीव’. मी कोणाला नाही म्हणू शकतो आणि कोणाला नाही? (हॉटेलमालक, नाशिक)

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या चारही जणांना नाही म्हणू शकता, बिनधास्त. बाहेरचं खाणं आणू नका ही अट घालता येते, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने थिएटरच्या केसमध्ये तेच सांगितलं, हॉल मालकाचा आहे, अटी तो घालेल, पण पिण्याचं पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नका. तो निकाल थिएटरपुरता असला तरी बाळाच्या बाटलीवरून वाद घालायला तुम्हीही जाऊ नका. टेबलाला वेळेची मर्यादा, माणशी किमान एक ऑर्डर, उधारी चुकल्याशिवाय नवीन प्लेट नाही, हे सगळं चालतं, फक्त ते आधी दिसेल असं लिहून लावा आणि सगळ्यांना सारखं लावा. पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला आधी जा म्हणायचं, नाही गेला तर ११२ ला फोन. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी त्रास देणं हा भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५५ खाली गुन्हा आहे, आणि जा म्हटल्यावरही त्रास द्यायला म्हणून तिथेच बसून राहिला तर कलम ३२९ चं अतिक्रमणही होऊ शकतं. पोरांनी त्याला धरून बाहेर फेकलं तर मात्र केस तुमच्यावर व्हायची.

आणि तो बोर्ड. त्याने तुम्हाला जास्तीचा एकही हक्क मिळत नाही, ज्या कारणासाठी नाही म्हणता येतं त्यासाठी बोर्ड नसला तरी म्हणता येतं आणि ज्यासाठी येत नाही तिथे बोर्ड भिंतभर असला तरी उपयोग नाही. ज्यासाठी नाही म्हणता येत नाही ती यादी वर सांगितलेल्या १५(२) मध्ये आहे, संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला त्या कलमाचा विषय निघाला तेव्हा एका सदस्याने विचारलं होतं की दुकान म्हणजे नक्की काय, लॉन्ड्री आणि सलून त्यात येतं का, आणि बाबासाहेबांनी सांगितलं की शब्द सगळ्यात व्यापक अर्थाने घ्या, जो येईल त्याला सेवा द्यायला जो बसलाय तो सगळा दुकानातच आला. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हेच धरून म्हटलं की १५(२) सरकारलाच नाही तर खासगी माणसालाही लागू होतं. म्हणजे तुमचं मिसळीचं हॉटेलही त्यात आलं.

जातीवरून कोणाला अडवलं, वेगळा कप ठेवला, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली १ ते ६ महिने कैद, आणि समोरचा अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात ६ महिने ते ५ वर्षं. तृतीयपंथी व्यक्तीला नाही म्हणालात तर २०१९ चा कायदा आहे, एचआयव्ही असलेल्यासाठी २०१७ चा. धर्म, लिंग किंवा काश्मीर-ईशान्येकडचा म्हणून नाकारणं हे घटनेला धरून नाहीच, पण त्याला शिक्षा सांगणारा असा थेट वेगळा कायदा नाही, मग हायकोर्टात रिट याचिका करावी लागते, आणि एका जेवणासाठी रिट कोण करतंय. क्लबवाले ‘नुसत्या मुलांना एन्ट्री नाही’ म्हणून वर्षानुवर्षं सुटतात ते याच फटीतून. मला ही फट अजिबात पटत नाही पण आहे ती आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो, पासपोर्ट अमेरिकन, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे. कोकणात गावाकडच्या लॉजवाल्याने ‘फॉरेनरला देत नाही’ सांगितलं. आडनाव ऐकून पण! (एक वाचक)

उत्तर : आडनावाने चालत नाही, पासपोर्टने चालतं. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो (सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात), ओसीआयवाल्यांचाही, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा आलाय त्यातही ही जबाबदारी आहेच. छोट्या लॉजवाल्याने रजिस्ट्रेशन केलेलं नसतं, भरला नाही तर तो अडकतो, म्हणून तो नाहीच म्हणून मोकळा होतो. वर १५(२) फक्त नागरिकांना आहे, तुम्ही आता नागरिक नाही. वाईट वाटलं असणार, पण इथे लॉजवाल्याची बाजू मला समजते. बुक करायच्या आधी फोन करून ‘फॉर्म सी भरता का’ विचारा.

प्रश्न : आईचा सत्तरावा वाढदिवस म्हणून मुंबईत एका रूफटॉप रेस्टॉरंटमध्ये गेलो. आई कायम नऊवारीतच असते, पायात साध्या चपला. दारावर म्हणाले ड्रेस कोड आहे. टेबल बुक नव्हतं. काय करता येईल? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाचूनच राग आला. ड्रेस कोड ठेवणं बेकायदा नाही, शॉर्ट्स-स्लिपर नको म्हणता येतं. पण साडी नको म्हणणं वेगळं. दिल्लीत २०२१ मध्ये अन्सल प्लाझातल्या अक्विला रेस्टॉरंटने साडी स्मार्ट कॅज्युअलमध्ये बसत नाही म्हणून एका बाईंना अडवल्याचा व्हिडिओ फिरला, महिला आयोगाने दखल घेतली, आणि शेवटी महापालिकेने ते बंद करायला लावलं ते साडीमुळे नाही तर लायसन्सच नव्हतं म्हणून! जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या जीटी मॉलने धोतरातल्या शेतकऱ्याला आत सोडलं नाही तेव्हा कर्नाटक सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवायचा आदेश काढला. नीट कायदा केला तो तमिळनाडूने, २०१४ मध्ये, तोही हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनाच वेष्टी (तिकडचं धोतर) नेसल्यामुळे चेन्नईच्या क्रिकेट क्लबने दारात अडवल्यावर. तिथे पारंपरिक पोशाखावरून अडवलं तर क्लबचं लायसन्स जाऊ शकतं. आपल्याकडे असा कायदा नाही.

तुम्ही टेबल बुक केलं नव्हतं, पैसे दिले नव्हते, म्हणून ग्राहक आयोगात तुमचं म्हणणं कच्चं पडतं. महिला आयोगाला लिहा, रेस्टॉरंटच्या हेड ऑफिसला लिहा, आणि खरं सांगायचं तर व्हिडिओ असेल तर त्याचाच जोर जास्त, दिल्ली आणि बंगळुरू दोन्हीकडे हललं ते त्यामुळेच. आईंना आमच्याकडून शुभेच्छा सांगा.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, कमावता. ठाण्यात बारवाला व्हिस्की देत नाही, बिअर देतो म्हणाला. मित्र म्हणतो गोव्यात कोणी विचारत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बारवाला बरोबर आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५. गोव्याचा कायदा गोव्यात, इथे त्याचा दाखला देऊन भागत नाही. आणि १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शेखाली दोन जण गेले त्यानंतर त्याला दारू देणाऱ्या जागांचे मालक-मॅनेजर अटकेत गेले हे सगळ्या बारवाल्यांना पाठ आहे. अल्पवयीनाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत कैद. आयडी मागितला तर चिडू नका.

प्रश्न : सर्व्हिस चार्ज देणार नाही म्हटल्यावर वेटर म्हणाला मग आमच्याकडे बसू नका. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हे करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये लिहूनच दिलंय की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, बिलात आपोआप लावायचा नाही आणि तो देत नाही म्हणून कोणाला आत यायला किंवा जेवायला नाही म्हणायचं नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टात हरल्या, आता अपिलात आहेत. बिलातून काढायला सांगा, नाही काढला तर बिलाचा फोटो आणि १९१५. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, दोन्हीची गल्लत करून भांडणारे पण बरेच भेटतात.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की १८६७ च्या सराई कायद्याने पंचतारांकित हॉटेलातसुद्धा फुकट पाणी आणि टॉयलेट मागता येतं. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : त्या कायद्यात सराईवाल्याची कामं दिलीत, खोल्या-विहिरी साफ ठेवणं, पहारेकरी ठेवणं, दराचा फलक लावणं, साथीच्या रोगाची खबर देणं. येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट पाणी किंवा टॉयलेट हे त्यात नाही. फॉरवर्ड करू नका. नीट विचारलंत तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, तो भाग वेगळा.

प्रश्न : भाऊ व्हीलचेअरवर असतो. रेस्टॉरंटच्या मॅनेजरने ‘बाकीच्या गिऱ्हाइकांना अडचण होईल’ म्हणून आत घेतलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे साफ बेकायदा आहे, इथे मी बुकिंग होतं का वगैरे काही विचारणार नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दिव्यांग आहे म्हणून भेदभाव करायला मनाई करतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटने असंच केलं होतं, देशभर छी-थू झाल्यावर माफी मागितली. तुम्ही माफीवर थांबू नका. तारीख, वेळ, मॅनेजर काय बोलला ते जसंच्या तसं लिहा, सोबत कोण होतं त्यांची नावं घाला आणि पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवा. कायदा मोडल्याचा पहिला दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे, पुन्हा केलं तर ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत. दारात पायऱ्या असतील आणि रॅम्प नसेल तर तेही त्याच तक्रारीत टाका.