लिमोनीनवर बुरशी लावताना

बुरशीकडून टर्पीनचं, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलातल्या संयुगाचं, रूपांतर करून घ्यायचं असेल, तर सुरुवातीला लिमोनीनच (संत्र्याच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक) घ्या, निवड चांगली आहे. पेनिसिलियम डिजिटॅटम, म्हणजे संत्र्यांवर येणारी हिरवी बुरशी, लिमोनीनचं अल्फा-टर्पिनिऑल हे सुगंधी द्रव्य करते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तेल, म्हणजे लिमोनीन, घालताना. टर्पीन बुरशीला विषारी असतं. आधी बुरशी भरपूर वाढू द्या, मग तेल थोड्या इथेनॉलमध्ये मिसळून थोडं-थोडं द्या. एकदम ओतलंत तर बुरशी मरते, वर नुसता तवंग उरतो.

आणि हे दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळा:
- तुलनेसाठी शेजारी बिनबुरशीचा फ्लास्क हवाच. आम्लात टर्पिनिऑल आपोआपही बनतं. शिवाय लिमोनीन उडून जातं, त्यामुळे ते घटलं म्हणजे रूपांतर झालं असं धरू नका.
- बीजाणू उडतात. फ्लास्क सेफ्टी कॅबिनेटमध्येच (हवा गाळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) उघडा.

उत्पादन वाढवायचं नंतर बघू.