फायबरच्या डब्यावर एलओएस लाल लुकलुकतोय, वाय-फाय मात्र हिरवा. राउटर बदलू का?

एवढ्यात नका बदलू. कोल्हापूरच्या राजारामपुरीत पाऊस लागल्यापासून लाल दिवा आलाय, पॉवर आणि वाय-फायचे दिवे नेहमीसारखे आहेत आणि ऑपरेटरचा माणूस 'नवा डबा घ्या' म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. वाय-फायचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की डबा घरात सिग्नल सोडतोय. बाहेरून नेट येतंय का, ते त्याला ठाऊक नसतं. एलओएस लाल लुकलुकतो म्हणजे फायबरमधून प्रकाश पोचतच नाही, किंवा डब्याला वाचता येणार नाही इतका मंद पोचतो. डब्याचा रिसीव्हर गेला तरी हाच दिवा लागतो, पण ते क्वचित, आणि प्रकाश मोजायचं मीटर लावलं की लगेच कळतं.

आधी शेजाऱ्यांना विचारा. त्याच ऑपरेटरच्या सगळ्यांकडे लाल असेल तर बिघाड मेन केबलमध्ये, स्प्लिटरवर (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) किंवा ऑपरेटरच्या खोलीत. तुम्ही घरात काहीही केलंत तरी उपयोग नाही.

फक्त तुमच्याकडेच असेल तर पॅचकॉर्ड, म्हणजे डब्याला जोडलेली बारीक फायबर वायर बघा. कपाटामागे चेपलीय का, खिळ्याला घट्ट गुंडाळलीय का? वळण किमान ३ सेंमी त्रिज्येचं ठेवा. हिरवा कनेक्टर काढून परत 'कट' आवाज येईपर्यंत बसवा. त्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, म्हणून निळ्या कनेक्टरशी त्याची जोडी लावायची नाही. तोंडाने फुंकू नका, वाफ बसते; आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा वापरा. आणि टोकात डोळा घालून बघू नका. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तो दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

एवढं करूनही लाल राहिला तर तंत्रज्ञाला बोलवा आणि मीटर आणायला सांगा. घरातल्या टोकाला १४९० वर किती डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश मंद) येतं ते बघायचं. जीपीऑनच्या (घरगुती फायबर नेटच्या एका पद्धतीच्या) नेहमीच्या डब्याला -८ ते -२७ चालतं, पण निर्धास्त राहायचं तर -१५ ते -२४ हवं. -२६ वर कोरड्या दिवसांत नेट चालतं आणि जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलं की बंद पडतं; पावसाळ्यातल्या तक्रारींत हे नेहमीचं. मग खांबावरच्या बॉक्समध्येही मोजायला लावा. तिथे -१९ आणि घरात -२९ असेल तर मधली ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी) किंवा तिचे जॉइंट खराब आहेत. वायर लांब आहे म्हणून असं होतं, ही सबब ऐकू नका: १ किलोमीटरला जेमतेम ०.३५ डीबी जातात, चांगल्या स्प्लाइसला (फायबरच्या कायमच्या जोडाला) ०.१ च्या आसपास. १० डीबी खायला वायर चेपलेली, तडकलेली किंवा कुरतडलेली असावी लागते. आठवाटी स्प्लिटर साधारण १०.५ डीबी खातो, बत्तीसवाटी १७, पण ती घट खांबावरच्या आकड्यात आधीच धरलेली असते. घरात -२० येत असूनही एलओएस लाल असेल, तर मात्र डबाच बदला.

उद्या गणपतीच्या मिरवणुकीसाठी तारा वर उचलताना जॉइंट ओढला गेला, तरी दिवा हेच सांगेल आणि तपासणीही हीच.

बाकीचे दिवे थोडक्यात. एलओएस बंद आणि पीऑन (ऑपरेटरशी जोडणी दाखवणारा दिवा) लुकलुकतोय: प्रकाश येतोय, पण ऑपरेटरच्या यंत्राकडे नोंदणी होत नाही, सिरियल नंबर तिकडे चढवलाय का ते विचारा. पीऑन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद: रिचार्ज संपलाय, किंवा युजरनेम-पासवर्ड चुकलाय. सगळेच दिवे अधूनमधून विझून पुन्हा लागतात: अडॅप्टर. डब्याखाली १२ व्होल्ट लिहिलं असेल तर सेट-टॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा लावू नका, आणि अँपिअर लिहिलेल्यापेक्षा कमी नकोत.

रीसेटच्या भोकात टाचणी घालायची नाही. लाल दिवा त्याने जात नाही. उलट युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनची (ऑपरेटरच्या नेटवर्कशी जुळण्यासाठी लागणारी) सेटिंग पुसली जातात, आणि फायबर दुरुस्त झाल्यावरही नेट येत नाही.