चांगल्या ॲनिमेशनपटांचे नको असलेले पुढचे भाग का काढत राहतात? याचा वैताग मला एकट्यालाच येतो का?

एकट्याला नाही हो. मलाही येतो, आणि मी तर वैतागूनही पुढच्या वेळी लेकीचा हात धरून पुन्हा थिएटरात जाऊन बसतो. म्हणजे माझा अपराध तुमच्याहून मोठा.

‘का काढतात’ याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे, ते आधी उरकून टाकतो. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओच्या ‘इनसाइड आउट २’ने २०२४ साली जगभरात १६० कोटी डॉलरहून जास्त कमावले. त्याच पिक्सारने पुढच्या वर्षी ‘एलिओ’ ही कोरी करकरीत गोष्ट आणली, तर तिची सुरुवात पिक्सारच्या इतिहासातली सगळ्यात थंड ठरली. नवं पात्र लोकांना ओळखीचं करून द्यावं लागतं, जुन्याचं नुसतं तोंड पोस्टरवर पुरतं. त्यातून तिकीट काढणार आईबाप. त्यांना दोन तास पोरं शांत बसतील याची खात्री हवी असते, आणि ओळखीच्या पात्रावर ती मिळते. पैसे देणारे आपणच, तेव्हा कंपन्यांना फार शिव्या देण्यातही अर्थ नाही.

माझा राग पैशावर नाहीच. माझा राग शेवट उसवण्यावर आहे.

‘टॉय स्टोरी ३’ (२०१०) आठवा. अँडी कॉलेजला निघालाय, खेळणी बॉनी नावाच्या छोट्या मुलीला द्यायला आलाय. एकेक खेळणं तिच्या हातात ठेवत त्याचं कौतुक सांगतो. खोक्याच्या तळाशी त्याचा सगळ्यात लाडका काउबॉय बाहुला वूडी निघतो. तो यात असेल हे अँडीला माहीतच नसतं. बॉनी हात पुढे करते आणि अँडी त्याला झटकन मागे ओढतो. एवढा थोराड मुलगा, क्षणभर पाच वर्षांचा होतो. मग स्वतःला सावरून वूडीबद्दल चार शब्द सांगतो, त्याला नीट सांभाळ म्हणतो आणि देऊन टाकतो. साठा उत्तरांची कहाणी इथे पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झाली होती. आणखी कुणाला काय हवं होतं?

२०१९ साली चौथा भाग आला. त्यात वूडी बॉनीच्या कपाटात धूळ खात पडलेला. ती त्याचा शेरीफचा बिल्ला काढून जेसी या दुसऱ्या बाहुलीला लावते आणि खेळायला निघून जाते. सिनेमा वाईट नाही, खोटं कशाला बोलू, माझेही डोळे ओले झाले. पण आता तिसरा भाग पाहताना अँडी वूडीला देतो तेव्हा मला ते कपाट दिसतं. नवा भाग आवडला नाही तर विसरता येतो, पण हा मागे जाऊन जुन्याला डाग लावतो. त्याचं काय करायचं?

आणि हे होणारच, कारण गोष्टीची घडणच तशी असते. पहिल्या भागात पात्राचं काहीतरी दुखत असतं आणि शेवटी ते बरं होतं, म्हणून तर आपण समाधानाने उठतो. पुढचा भाग काढायचा तर एकतर तीच खपली पुन्हा काढायची, नाहीतर त्याला उचलून भलतीकडे टाकायचं. ‘कार्स’मध्ये घमेंडी रेसगाडीला एका विसरलेल्या गावात माणुसकी सापडली (गाड्यांच्या जगात काय म्हणतात कोण जाणे). ‘कार्स २’मध्ये हेरगिरी! तीही मेटर नावाच्या गंजक्या टो-ट्रकच्या गळ्यात, जो पहिल्या भागात चवीपुरता होता म्हणूनच गोड वाटायचा. ‘आइस एज’च्या पहिल्या भागात गुहेतल्या भित्तिचित्रांसमोर मॅमथला आपलं मारलं गेलेलं कुटुंब आठवतं. एक शब्द न बोलता सगळं सांगणारा प्रसंग आहे तो. त्याच मालिकेच्या पाचव्या भागात खार अंतराळयान उडवते आणि त्यापायी उल्का पृथ्वीवर चालून येते. कुठून निघालो आणि कुठे पोचलो!

‘मोआना २’ तर आधी घरबसल्या बघायची मालिका म्हणून करायला घेतली होती, मध्येच तिचा सिनेमा केला. शिवण लगेच कळते. होडीवर नवे सोबती येतात, पण धड ओळख व्हायच्या आत प्रवास आटोपतो, आणि ज्याच्याशी खरी लढाई तो देव तोंड दाखवतो श्रेयनामावली सुरू झाल्यावर. तरी १०० कोटी डॉलर ओलांडलेच.

हे दुखणं जुनंच आहे. तीन डुकरांच्या १९३३च्या लघुपटाने धमाल उडवल्यावर डिस्नेकडे ‘अजून डुकरं द्या’ अशी मागणी आली. पुढचे भाग निघाले, पहिल्याची सर कशालाच आली नाही. डुकरांवर डुकरांनी मात होत नाही, असं वॉल्ट डिस्ने पुढे म्हणायचे. त्यांच्या माघारी त्याच कंपनीने १९९४पासून पंधराएक वर्षं अल्लादीन, सिंड्रेला, बांबी अशा सगळ्यांचे स्वस्तातले पुढचे भाग व्हिडिओवर आणून शिळ्या कढीला ऊत आणला.

अपवाद आहेत. ‘टॉय स्टोरी २’सुद्धा मुळात व्हिडिओपुरताच ठरला होता, मग शेवटच्या नऊएक महिन्यांत जवळजवळ नव्याने घडवला आणि पहिल्याच्या तोडीचा झाला. ‘पस इन बूट्स : द लास्ट विश’ही तसाच. नऊपैकी आठ जन्म उधळून बसलेल्या मांजराला पहिल्यांदाच मरणाची भीती वाटते. या दोन्हींत जुनी खपली न काढता पात्रापुढे नवा प्रश्न ठेवलाय. म्हणून सरसकट सगळ्यांना झोडपू नये.

‘मुलांनाच हवं असतं’ हे मात्र मला पटत नाही. माझी लेक गोष्ट ऐकताना ‘पुढे काय झालं’ असं क्वचित विचारते. तिला तीच गोष्ट पुन्हा हवी असते, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती मला दुरुस्त करते. ‘टॉय स्टोरी ३’ आम्ही किती वेळा पाहिला याची गणती नाही. अँडीची गाडी दिसेनाशी झाली तरी ती उठत नाही, नावं सरकताना बझ हा अंतराळवीर बाहुला आणि जेसी यांचा नाच असतो तो संपेपर्यंत बसते. मागे एकदा मी विचारलं, ‘चौथा लावू?’ म्हणाली, ‘नको, हाच परत लाव.’

पाचव्या भागाला आम्ही जाणार आहोत, ते वेगळं. हट्ट तिचा नाही, माझाच आहे.