अकाउंटिंग की फायनान्स: मेजर निवडण्यापूर्वी

पुण्यात बी.कॉम.ला प्रवेश घेतल्यावर अकाउंटिंग घ्यावे की फायनान्स, याचा निर्णय पगाराच्या चर्चेवरून करू नका. झालेल्या व्यवहारांची नियमांनुसार नोंद करणे, ताळेबंद जुळवणे आणि त्याची तपासणी करणे हे अकाउंटिंगचे काम. तर त्याच आकड्यांवरून पुढे पैसा कोठे गुंतवावा, कर्ज किती घ्यावे आणि जोखीम किती पेलावी, हे फायनान्स ठरवते.

सी.ए. होण्याचा विचार पक्का असेल, तर अकाउंटिंगच घ्या, कारण कंपनी कायदा, 2013 नुसार कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणाचा, म्हणजे कायद्याने सक्तीच्या हिशेबतपासणीचा, अधिकार सनदी लेखापालांनाच (सी.ए.) आहे. मात्र पदवीबरोबर दोन वर्षांची आर्टिकलशिप (सी.ए. फर्ममधील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) करायची झाल्यास कॉलेजची वेळ आणि फर्मचे काम यांचा मेळ आधीच घालून ठेवा. सी.एफ.ए. (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेच्या तीन पातळ्या किंवा बँकेतील पतविश्लेषण, म्हणजे कर्जदाराची परतफेडीची क्षमता तपासणे, खुणावत असेल, तर फायनान्स बरे, पण संख्याशास्त्र टाळता येणार नाही.

अजूनही मन ठरत नसेल, तर भारत फोर्जसारख्या पुण्यातल्याच कंपनीचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घ्या आणि आठवडाभर वाचा. नफा दिसत असूनही रोख प्रवाह कमी का, याचे उत्तर उधारी आणि साठ्याच्या टिपांत शोधावेसे वाटले, तर अकाउंटिंगकडे वळा. पुढील वर्षीच्या विस्ताराचा अंदाज बांधावासा वाटला, तर फायनान्सकडे. माझ्या मते, संभ्रम कायम राहिल्यास अकाउंटिंग निवडावे, कारण तेथून फायनान्सकडे जाणे उलट प्रवासापेक्षा सोपे जाते.