जे-१ व्हिसावर अमेरिकेत शिकवायला जावं का?

ताई, तुम्ही निपाणीच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवता. एका एजन्सीमार्फत अमेरिकेतल्या सरकारी शाळेची जे-१ व्हिसावरची, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या आदान-प्रदान व्हिसावरची, ऑफर आली आहे आणि १ लाख डॉलर फीची बातमी वाचून घरचे घाबरलेत. शिक्षक मिळत नसताना तो देश दार का लावतो, असंही तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. माझी पुतणी २०१९ ते २०२४ अ‍ॅरिझोनातल्या एका छोट्या गावी विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवत होती. तिच्यामुळे जे कळलं ते लिहितो.

ती १ लाखाची फी तुमच्या ऑफरला लागू नाही. ती एच-१बी व्हिसाची आहे, म्हणजे परदेशी कुशल माणसाला नोकरीवर घ्यायच्या व्हिसाची, आणि अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या मालकावर २१ सप्टेंबर २०२५ पासून लावलेली. तिथल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाला वर्षाला सरासरी ७० हजार डॉलरच्या आसपास मिळतात. एका शिक्षकाच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त पैसे नुसत्या अर्जापायी कुठली शाळा भरेल? कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून केलेला नियम शाळांवर येऊन पडलाय.

ही फी नव्हती तेव्हाही एच-१बी शाळांना परवडत नव्हताच. वर्षाला ६५ हजार व्हिसा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, आणि अर्ज जास्त म्हणून सोडत. विद्यापीठांना ही मर्यादा नाही, गावातल्या सरकारी शाळेला बहुतेक ठिकाणी आहे. सोडतीत नाव निघालं तरी काम सुरू होतं १ ऑक्टोबरला, आणि तिथल्या बहुतेक शाळा ऑगस्टमध्ये भरतात. म्हणजे वर्ग भरलाय, मुलं बसलीत आणि बाई ऑक्टोबरात येणार. २०२६ पासून वरच्या पगारश्रेणीला सोडतीत जास्त संधी मिळते. त्यात शिक्षक मागेच पडणार.

म्हणून शाळा जे-१ धरतात. तो ३ वर्षांचा, वाढवून मिळाला तर आणखी १ किंवा २ वर्षं. पाच वर्षं झाली की संपलं. त्याच योजनेतून पुन्हा जायचं तर मधली २ वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात.

ही पाच वर्षांची अट कुणाला सोसावी लागते ते मी पुतणीच्या वर्गावरून पाहिलं. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानुसार अपंग मुलाला त्याच्यापुरती लेखी शिक्षणयोजना मिळते. योजना कागदावर असते, पण ती राबवायला बाई लागते. तिच्या वर्गात एक न बोलणारा मुलगा होता. पहिलं वर्षभर तो दारातच बसून राहायचा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिचा हात धरून आत यायला लागला. २०२४ च्या मे महिन्यात हिची पाच वर्षं भरत आली तेव्हा मुख्याध्यापिकेने एच-१बीसाठी खूप धडपड केली, पण वकिलाचा खर्च करून सोडतीवर अवलंबून राहायला वरचं ऑफिस तयार झालं नाही. हिच्या जागी बदली शिक्षक आले, डिसेंबरपर्यंत तिघे. मुलगा परत दारात बसायला लागला, हे त्याच्या आईनंच हिला कळवलं.

मला हे ऐकून नवल वाटलं नाही, वाईट मात्र फार वाटलं. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्टीत मी अतिथी शिक्षकांबरोबर काम केलंय. नेमणूक एका वर्षापुरती, मानधन थोडं, आणि ऑर्डर यायला उशीर झाला की पहिले आठवडे वर्ग तसाच. नवे सर आले की पोरं पहिल्याच दिवशी विचारायची, "सर, तुम्ही पुढच्या वर्षी असणार काय?" त्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नसायचं. चांगला शिक्षक जाण्याची तारीख ठरवूनच आणायचा आणि मग जागा रिकामी राहते म्हणून ओरडायचं, हे मला पटत नाही, इथंही नाही आणि तिथंही नाही.

आता तुमचं. एच-१बीचा अर्जखर्च कायद्याने मालकावर आहे. मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळांनी तो परदेशी शिक्षकांकडून घेतला होता, तेव्हा २०११ मध्ये त्यांना ४२ लाख डॉलर परत द्यावे लागले. जे-१ला तसं संरक्षण नाही, तिथं बराचसा खर्च शिक्षकाच्याच अंगावर येतो. पुतणीने सोसायटीचं कर्ज काढलं होतं आणि पहिल्या दीड वर्षाची शिल्लक त्यातच गेली. एजन्सीने आधी सांगितलेल्या आकड्यात दरवर्षीची फी धरलेलीच नव्हती. म्हणून पाचही वर्षांचा एकूण खर्च लेखी मागा. तुमचा जे-१ ज्या संस्थेमार्फत निघणार ती स्पॉन्सर संस्था अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत आहे का ते स्वतः पाहा. तुमचा किमान २ वर्षांचा अनुभव कागदावर दिसायला हवा, तेव्हा अनुभवाचा दाखला आणि ट्रान्सक्रिप्ट आताच काढून ठेवा. विद्यापीठातून यायला महिने जातात.

जे-१वाल्याला दोन वर्षं मायदेशी राहण्याची सक्ती असते, असं तुम्हाला कुणी सांगेल. कौशल्ययादीमुळे, म्हणजे कुठल्या देशाला कुठल्या कौशल्याच्या माणसांची गरज आहे त्या अमेरिकेच्या यादीमुळे, येणारी ती अट भारतीयांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये निघाली. सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अजून लागू होऊ शकते. तुमच्या व्हिसावर काय शिक्का येतो ते नीट वाचा.

जायचं ठरलं तर तुमच्या दहावीच्या वर्गासाठी संस्थेला जूनच्या आधी कळवा. परीक्षेच्या तोंडावर गणिताचा शिक्षक शोधणं निपाणीतही सोपं नाही.