वस्तीत गरजूंसाठी जेवण सुरू करताय? आधी एवढंच बघा

ताई, पहिल्याच दिवशी २०० पानांचा घाट नको. २० डबे करा, पण रोज, ठरल्या वेळी. नवे लोक इथेच चुकतात: वाढदिवसाला पुलाव-जिलेबी, मग महिनाभर चूल थंड!

- लग्नातला उरलेला भात घेताना कधी शिजला ते विचारा. २ तासांहून जास्त कोमट पडून असेल तर सरळ नको म्हणा. मी एकदा भिडेखातर घेतला. अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं.
- स्वयंपाक वस्तीतल्याच बायकांकडून, पैसे देऊन. रांधणाऱ्या बाईच्या हाती पैसा राहायला हवा: प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे मंडळ गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देई.
- वाढताना फोटो नकोत.

नोंदणी, देणग्या नंतर बघू. आधी डाळ-तांदळाची वही घाला.