नवा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग बघायचा) घेतलाय? आधी डोळ्यांचं बघा

पहिला आठवडा एका वेळी 15-20 मिनिटंच वापरा. खेळात गुंगलं की पापण्या मिटायच्या राहून जातात, अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. म्हणून मधेमधे मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. अर्धवट मिटून उपयोग नाही.

डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजून हेडसेटची भिंगं तेवढ्यावरच लावा. मोठ्या माणसांत ते सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण तुमचं वेगळं असू शकतं. माझं चुकीचं लावलेलं होतं, महिनाभर कपाळ ठणकायचं. कॉन्टॅक्ट लेन्सने कोरडेपणा वाढत असेल तर चष्मा बरा, फक्त काच भिंगाला घासू देऊ नका. थेंब घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, हेडसेट काढून. दुसऱ्या दिवशीही लाली किंवा धूसरपणा राहिला, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवाच.